जांभळ्या टोपणाची नळी

जांभळ्या टोपणाची ही नळी म्हणजे सीबीसीची, म्हणजे रक्तातील पेशी मोजणाऱ्या साध्या तपासणीची, अगदी तालुक्याच्या लॅबमध्येही रोज भरली जाणारी. तिच्या अहवालातल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या ओळींकडे मेलानोमावर उपचार करणारे डॉक्टर जरा थांबून पाहतात.

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. भारतात तो विरळा. होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली, आणि तिथला काळा डाग जुनी जखम समजून अंगावर काढला जातो. शरीरात पसरलेल्या मेलानोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण पूर्वी वर्षभरही जगत नसत. २०११ मध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या इपिलिमुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. पुढे निवोलुमॅब या तशाच औषधाच्या जोडीने ते दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते.

ही औषधे गाठीवर थेट घाव घालत नाहीत, तर लिम्फोसाइटपैकी कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशींना लागलेला लगाम सैल करतात. उलट, गाठीतून पाझरणारी इंटरल्यूकिन-८ सारखी रसायने न्यूट्रोफिलना बोलावून घेतात आणि त्यांच्या गर्दीत टी-पेशींचे बळ खचते. म्हणून एका मायक्रोलिटर रक्तात सहा हजार न्यूट्रोफिल आणि दीड हजार लिम्फोसाइट असतील, तर चार हे गुणोत्तर या रस्सीखेचीचा ढोबळ अंदाज देते. इटलीत इपिलिमुमॅब घेतलेल्या ७२० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा याच धर्तीचे गुणोत्तर उपचारापूर्वी चढे असलेल्यांचे आयुर्मान कमी भरले.

मात्र चढे गुणोत्तर उपचार कोणताही असो, वाईटच लक्षण ठरते. त्यामुळे आजार किती जोरात आहे हे ते सांगते, पण अमुक औषध लागू पडेल का, याचे उत्तर त्यातून क्वचितच मिळते. हा फरक, आमच्या मते, बातम्यांमध्ये हमखास गाळला जातो. झुरिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या एका विशिष्ट प्रकाराचे प्रमाण आणि पीडी-१ रोधक (निवोलुमॅबसारख्या) औषधाला मिळणारा प्रतिसाद यांचा संबंध दाखवला. पण त्यासाठी लागणारे यंत्र साध्या लॅबमध्ये नसते.

आणि साधा आकडाही फसवतो. मेलानोमा मेंदूत पसरल्याने आलेली सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू असेल, तर न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि आजार तसूभरही न वाढता गुणोत्तर उडी घेते. म्हणूनच अहवाल हाती घेतल्यावर डॉक्टर आधी विचारतात, “स्टेरॉइडची गोळी कधीपासून चालू आहे?”