पुहोल्सची सही आणि केबलचं बिल

(दृश्य : अ‍ॅनाहाइम, एंजल्सच्या स्टेडियमचं मुख्य दार. दोन अवाढव्य लाल टोप्या.)

या टोप्या जवळून बघा. आतल्या पट्टीवर मापसुद्धा लिहिलंय, ६४९½. खाली विटांचं अख्खं बेसबॉलचं मैदान आखलंय आणि खेळाडूंच्या नावाच्या विटा ज्याच्या त्याच्या जागेवर बसवल्यात. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, ऑरेंज काउंटीतलं हे एंजल्स या बेसबॉल संघाचं घर.

(दृश्य : डिसेंबर २०११ची जुनी चित्रफीत. गर्दी, लाल जर्सी, पाठीवर ५ आकडा.)

१० डिसेंबर २०११. स्टेडियमबाहेर हजारो लोक जमलेत. समोर आहे अल्बर्ट पुहोल्स. तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, सहाच आठवड्यांपूर्वी सेंट लुइस कार्डिनल्सना जगज्जेतेपद मिळवून दिलेला, वर्ल्ड सिरीजच्या एकाच सामन्यात तीन होमरन (चेंडू टोलवून थेट मैदानाबाहेर, आपल्या षटकारासारखा) ठोकलेला फलंदाज. एंजल्सनी त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर कबूल केले. त्याच दिवशी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सी. जे. विल्सनशीही पाच वर्षांचा करार झाला, ७ कोटी ७५ लाखांचा.

त्याच आठवड्यात आणखी एक बातमी फुटली. फॉक्सच्या स्थानिक क्रीडावाहिनीशी एंजल्सचा नवा करार. त्या वेळच्या बातम्यांनुसार मुदत वीस वर्षं, रक्कम सुमारे ३०० कोटी डॉलर, शिवाय वाहिनीत भागीदारी.

या दोन बातम्या वेगळ्या नाहीत. एकीचे पैसे दुसरीतून येतात आणि दुसरीचा भाव पहिलीमुळे चढतो. हे कसं, ते कळायला या संघाच्या मालकाला ओळखायला हवं.

(दृश्य : हमरस्त्याकडेचे जाहिरात फलक. मग पार्किंगमधला सोनेरी कडं लावलेला उंच ‘ए’.)

आर्टी मोरेनो. त्यांचा धंदाच जाहिरात फलकांचा होता. रस्त्यावरून किती डोळे जातात, त्यावर फलकाचं भाडं ठरतं. हे गणित त्यांनी आयुष्यभर केलं. २००३ मध्ये त्यांनी डिस्नेकडून एंजल्स विकत घेतले, सुमारे १८ कोटी डॉलरना. आल्या आल्या स्टेडियममधली बिअर स्वस्त केली आणि लोकांचं मन जिंकलं. पुढच्याच हंगामासाठी व्लादिमीर गेरेरोला आणलं, आणि त्यानं पहिल्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब पटकावला.

२००५ मध्ये मोरेनोंनी संघाच्या नावात ‘लॉस एंजेलिस’ घातलं. अ‍ॅनाहाइमकरांना ते फार लागलं. शहर कोर्टात गेलं आणि हरलं. पण न्यूयॉर्कनंतरची अमेरिकेतली सगळ्यात मोठी टीव्हीची बाजारपेठ लॉस एंजेलिसची आहे. आपला संघ एका उपनगराचा म्हणून नाही, तर या सबंध बाजारपेठेचा म्हणून विकला जावा, ही त्यामागची दृष्टी.

आपल्याकडे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क बीसीसीआय एकगठ्ठा विकते आणि फ्रँचायझींना वाटा मिळतो. अमेरिकन बेसबॉलमध्ये देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांचे पैसे तसेच तीस संघांत सारखे वाटतात. पण हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात आणि त्यांतले बहुतेक स्थानिक वाहिनीवर दिसतात. हे हक्क ज्याचे त्यानं विकायचे. त्यातला काही हिस्सा सामायिक खात्यात जातो, बाकी संघाचा. वाहिनीतली भागीदारी मात्र त्या वाटणीत येत नाही, म्हणून मालकांना ती जास्त प्यारी.

(दृश्य : घरांच्या ओळी, तारा, छपरांवरच्या डिश. केबलच्या बिलाचा क्लोजअप.)

या बिलावर कॅमेरा थोडा थांबवलाय, कारण पुहोल्सचे २४ कोटी शेवटी इथून आले. केबल कंपनी स्थानिक क्रीडावाहिनीला दर घरामागे, दर महिन्याला ठरावीक रक्कम देते आणि ती पॅकेजमध्ये घालून सगळ्यांकडून वसूल करते. घरात कोणी बेसबॉल बघो न बघो. एकट्या राहणाऱ्या आजीबाई, ज्यांना होमरन म्हणजे काय हेही माहीत नाही, त्यांच्या बिलातही पुहोल्सचा हप्ता असतो. हा अन्यायच.

बड्या खेळाडूमुळे प्रेक्षक वाढतात, पण वाहिनीचा खरा फायदा केबल कंपनीशी घासाघीस करताना होतो. ‘आम्हाला पॅकेजमधून काढलंत तर पुहोल्स दिसणार नाही, मग गिऱ्हाइकांचे फोन तुम्हीच घ्या,’ असं तिला म्हणता येतं. म्हणूनच सही टीव्हीच्या कराराच्या तोंडावर झाली तर तिला सोन्याचा भाव. करार होऊन गेल्यावर तोच खेळाडू आला, तर ठरलेली रक्कम एका डॉलरनंही हलत नाही.

मोरेनोंनी वेळ अचूक साधली. फेब्रुवारी २०११ मध्ये बास्केटबॉलच्या लेकर्सनी फॉक्सची साथ सोडून टाइम वॉर्नर केबलशी करार केला होता. एंजल्सही गेले असते, तर फॉक्सकडे दाखवायला काय उरलं असतं? मोरेनोंनी फॉक्सला खिंडीत गाठलं.

सेंट लुइसला हे जमण्यासारखं नव्हतं. शहर बेसबॉलवेडं, पण टीव्हीची बाजारपेठ छोटी. त्यांनी देऊ केलेला आकडा कमी पडला आणि अकरा हंगाम जीव ओतून खेळलेला माणूस गेला.

(दृश्य : डॉजर स्टेडियम, संध्याकाळ. मागे डोंगर, ताडाची झाडं.)

पन्नासेक किलोमीटरवर डॉजर्स, खुद्द लॉस एंजेलिस शहरातला बेसबॉल संघ. २०१२ मध्ये नव्या मालकांनी हा संघ सुमारे २१५ कोटी डॉलरना घेतला. ऑगस्टमध्ये बोस्टनहून एड्रियन गोन्झालेझ, जॉश बेकेट, कार्ल क्रॉफर्ड यांना एका झटक्यात आणलं, २५ कोटींहून जास्त पगाराचा बोजा उचलून. तेव्हा टीव्हीचे हक्क विकायला निघायचेच होते. जानेवारी २०१३ मध्ये टाइम वॉर्नर केबलशी करार जाहीर झाला: पंचवीस वर्षं, आणि बातम्यांनुसार ८३५ कोटी डॉलर.

ते वसूल करायला टाइम वॉर्नरनं नव्या वाहिनीचा दर असा लावला, की डिशवरून वाहिन्या पुरवणाऱ्या डायरेक्टटीव्हीसारख्या कंपन्यांनी ती घ्यायलाच नकार दिला. घोंगडं २०१४ पासून सहा वर्षं भिजत पडलं. शहरातल्या बहुसंख्य घरांत डॉजर्स दिसेनासे झाले.

(दृश्य : १८ जून २०१४. कर्शॉ, दोन्ही हात वर. आवाज मैदानाचा, निवेदन थांबवावे. दहा सेकंद.)

डॉजर्सचा पिचर क्लेटन कर्शॉ याचा नो-हिटर, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट नाही. पंधरा फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न टोलवताच बाद. ज्या शहरात हे घडलं, त्या शहरातल्या बहुतेकांनी ते थेट पाहिलं नाही.

आणि हा कॉमेंट्री बॉक्स विन स्कली यांचा. १९५० ते २०१६, सदुसष्ट हंगाम एकाच संघाचा आवाज. त्यांचे शेवटचे तीन हंगाम लाखो घरांपर्यंत धड पोचले नाहीत. अगदी शेवटचे काही सामने तेवढे मोफत वाहिनीवर दाखवले.

(दृश्य : पुन्हा अ‍ॅनाहाइम. सेंटर फील्डमागचे खडक, कारंजी, आतषबाजी. ३ जून २०१७, पुहोल्सचा ६००वा होमरन.)

सहाशेवा होमरन, तोही बेसेस भरलेल्या असताना, म्हणजे एका फटक्यात चार धावा. पाय थकले होते, तरी मनगटात ही ताकद होती. त्याच्या दहा वर्षांत एंजल्स प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, एकदाच पोचले, २०१४ मध्ये, आणि तिन्ही सामने हरले. मे २०२१ मध्ये संघानं त्याला मोकळं केलं. लोक केबल तोडत गेले, आणि मार्च २०२३ मध्ये एंजल्सच्या वाहिनीसारख्या स्थानिक वाहिन्या चालवणाऱ्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. शेजारच्या सॅन डिएगोत पाद्रेस संघानं मॅनी मचाडो या खेळाडूला ३५ कोटींचा करार दिल्यावर काही महिन्यांतच त्या संघाची वाहिनी हात वर करून गेली. एंजल्सचा वीस वर्षांचा करारही पुरा झाला नाही.

(दृश्य : डॉजर स्टेडियम, जपानी अक्षरांचे जाहिरात फलक. ओहतानी.)

जपानी खेळाडू शोहेई ओहतानीला डॉजर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये घेतलं. दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे. त्याला पाहायला अख्खा जपान सकाळी टीव्हीपुढे बसतो, पण परदेशी प्रक्षेपणाचे पैसे तीस संघांत वाटले जातात आणि स्थानिक हक्कांचा आकडा २०१३ मध्येच ठरलेला. डॉजर्सची नवी कमाई आहे ती तिकिटांची आणि या फलकांची.

लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांना २०२८च्या हंगामानंतर सगळ्या संघांचे स्थानिक हक्क एकत्र विकायचे आहेत. ते झालंच पाहिजे, आणि त्या करारात पहिलं कलम असावं ते शहरातल्या घरात शहराचा संघ दिसण्याचं. खेळाडूंचे पगार त्यानंतर. अडचण एवढीच, की डॉजर्सचा करार २०३८ पर्यंत आहे, आणि तो सोडून द्यायला त्यांना अजून कोणी राजी केलेलं नाही.