टँकर उलटला तर आधी पाटी वाचा, मग पुढे जा

राम राम मंडळी. आजचा व्हिडिओ पोलीस पाटील, होमगार्ड, १०८ वरचे भाऊ-ताई, नगरपालिकेच्या बंबावरची पोरं आणि हायवेलगतच्या ढाबेवाल्यांसाठी आहे. सुरत-नागपूर महामार्गावर, कोंडाईबारी घाटात रात्री टँकर उलटला, तर पहिली दहा-पंधरा मिनिटं तिथे तुम्हीच असता.

माणूस अडकला की धावायचं, ही आपली सवय. चांगलीच सवय आहे. पण विहिरीचं आठवा. आत इंजिनाचा धूर कोंडलेला असतो. एक उतरतो, कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. मागचे दोघे मायेपोटी जातात. रसायनाच्या टँकरपाशी हेच घडतं, फरक इतकाच की तिथे विहीर दिसत नाही.

म्हणून आधी थांबायचं. मागून येणाऱ्यालाही ओरडून सांगायचं, "थांब रे भो!" मग वारा बघायचा. कापसाचा पिंजा सोडा, मूठभर माती उडवा, देवळावरचा झेंडा बघा. वारा तुमच्या पाठीकडून टँकरकडे जायला हवा. उभं राहायचं चढाच्या बाजूला, नाल्यात किंवा मोरीत नाही. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात, क्लोरीन तर जवळपास अडीच पट जड. हे सगळं खाली उतरून खोलगट जागी साचतं.

अंतराची एक सोपी युक्ती. हात लांब करा, अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. टँकर अंगठ्यामागे झाकला गेला नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. पेट्रोलचा टँकर पेटला असेल तर ८०० मीटर, एलपीजीचा असेल तर १६०० मीटरपर्यंत सगळीकडून माणसं हटवायची.

[हातात पाटीचा नमुना]

आता ही पाटी. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर ती तीन ठिकाणी असायलाच हवी, कायदा आहे. जवळ जाऊ नका, लांबूनच मोबाईलवर झूम करून फोटो काढा. चार आकडी यूएन नंबर शोधा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. हे सहा पाठ करून टाका, पाढ्यांसारखे.

त्याच पाटीवर हॅझकेम कोड असतो. पेट्रोलचा आहे ३वायई. ३ म्हणजे फोम वापरा, नुसतं पाणी मारू नका. वाय म्हणजे श्वसनयंत्राशिवाय जवळ जायचं नाही, सांडलेला माल गटारात-नदीत जाऊ द्यायचा नाही, मातीचा बांध घालून अडवायचा. आणि शेवटी ई असेल तर परिसर रिकामा करण्याचा विचार लगेच करायचा. तीन अक्षरांत एवढं सांगितलेलं असतं आणि आपण ती न वाचता पळत सुटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

डबे, कॅन घेऊन सांडलेलं पेट्रोल भरायला येणाऱ्यांना हात जोडून, नाहीच ऐकलं तर दरडावून मागे घ्या. २५ जून २०१७ ला पाकिस्तानात बहावलपूरजवळ असंच पेट्रोल भरताना आग लागली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. वाहनंही दोन्ही बाजूंनी लांबच थांबवा, इंजिन बंद करायला लावा. २० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ एलपीजीचा टँकर धडकला, गॅस रस्त्यावर पसरला, पेटला आणि आसपासची कितीतरी वाहनं जळाली.

पाणी प्रत्येक वेळी मित्र नसतं. वेल्डिंगच्या कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन तयार होतो आणि तो भडकतो. तिथे कोरडी वाळू. कोल्ड स्टोरेजमधला द्रव अमोनिया सांडला तर थेट त्यावर पाणी मारू नका, वाफ आणखी उसळते. अमोनिया हवेपेक्षा हलका खरा, पण गळतीची थंड पांढरी वाफ आधी जमिनीलगतच सरकते.

अंगावर ॲसिड पडलेला माणूस स्वतः चालत बाहेर आला, तर त्याचे कपडे काढा. डोक्यावरून ओढू नका, कापा. भरपूर वाहत्या पाण्याने निदान १५-२० मिनिटं धुवा, डोळेही. हातात मोजे हवेत. मग ॲम्ब्युलन्स. दवाखान्याला आधीच फोन करून काय सांडलंय ते कळवा, नाहीतर तिथल्या सिस्टरही आजारी पडतील.

फोन ११२ ला. असा बोला: "कोंडाईबारी घाट, दहिवेलकडची बाजू. टँकर उलटलाय. पाटीवर नंबर १२०३. गळती चालू, आग नाही. वारा पश्चिमेकडून. ड्रायव्हर आत आहे. आम्ही दोन्हीकडून रस्ता बंद केलाय. बंब पश्चिमेच्या बाजूने आणा." पाटीवरच्या फोन नंबरवरही हेच सांगा आणि फोन चालू ठेवा.