शेजारी, आणि आधी राहून गेलेले

श्रोतेहो, नमस्कार. भाजीच्या वाफ्यात कोणाशेजारी काय लावावं, याचे तक्ते तुम्ही पाहिले असतील. टोमॅटोशी तुळशीचं जमतं, अमक्याचं तमक्याशी वाकडं. मी हल्ली एवढंच विचारते, की हे झाड त्या झाडाला नेमकं देतं काय?

झेंडूचंच घ्या. त्याच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमींना, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमींना, मारक असतं, हे खरं. म्हणून मी टोमॅटोच्या चार रोपांमागे एक झेंडू लावत असे. हंगाम संपल्यावर टोमॅटो उपटला, तर मुळं गाठींनी फुगलेली! एकट्यादुकट्या झेंडूची धाव त्याच्या मुळांपुरतीच. अख्खा वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूने भरावा आणि मग तिथे टोमॅटो लावावा, तेव्हा फरक पडतो. झेंडू शेजारी म्हणून नको, आधीचा भाडेकरू म्हणून हवा.

कोथिंबीर मात्र शेजारी म्हणूनच कामाची. फुलावर आली की आपण हळहळतो आणि उपटतो. दोन-चार रोपं राहू द्या. सकाळी त्या पांढऱ्या तुऱ्यांपाशी जरा थांबा. मधमाशीसारखी पट्टेदार, पण अंगाने बारीक माशी हवेत एका जागी तरंगताना दिसेल. ही सिरफिड माशी. ती डंख मारत नाही. तिची सोंड आखूड, म्हणून असली उथळ फुलं तिला सोयीची. मध-पराग खाऊन ती अंडी घालते ती मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडलेल्या पानावर. अंड्यातून निघालेली बिनपायाची अळी मग मावा फस्त करत सुटते. आणि आपण नेमकी तिलाच कीड समजून चिरडतो. कीटकनाशक फवारलं, तर माव्याबरोबर तीही गेलीच.

आता घेवडा आणि चवळी. यांच्याही मुळांवर गाठी असतात, पण त्या रोगाच्या नव्हेत. नखाने अलगद सुटतात. एखादी फोडून बघा. आतून गुलाबी निघाली, तर जिवाणू हवेतला नत्र बांधतायत असं समजा. शेजारच्या पालकाला मात्र त्यातलं लगेच फारसं मिळत नाही, वेल बहुतेक स्वतःच वापरतो. शेंगा संपल्या की तो उपटू नका. जमिनीलगत कापा, मुळं आत कुजू द्या, पाला त्याच वाफ्यावर अंथरा आणि पुढचा पालक तिथे पेरा.

टोमॅटो-बटाटा तेवढे लांब ठेवा. एकाच कुळातले आहेत, एकाचा करपा दुसऱ्यावर जातो.

आणि तुळस? लावा की. वास छान येतो.