मोजणार काय?

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलते आरोग्य शिक्षणातल्या पीएचडीबद्दल.

मार्चमधली एक दुपार. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या बागायतीत एक मावशी बोंडू पिरगाळून बी वेगळी करत होत्या. बाजूच्या दगडावर आरोग्य केंद्रातून मिळालेली तेलाची बाटली, झाकणही न उघडलेली. 2015 मध्ये सत्तरीत गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाने डोकं वर काढलं, तेव्हापासून हा मोसम आला की आम्ही आरोग्य खात्यातली माणसं वाड्यावाड्यावर फिरतो. तेल लावलं की गोचीड अंगावर चढत नाही, हे मी त्यांना आदल्याच आठवड्यात चित्रं दाखवून सांगितलं होतं.

"मावशी, तेल नाही लावलं?"

"लावलं की हात निसरतात गो बाय. बी हातात राहत नाही."

हे ऐकूनही मी शहाणी झाले नाही. पीएचडीला अर्ज करताना विषय लिहिला, 'सत्तरी तालुक्यातील ग्रामीण जनतेमधील आरोग्यविषयक जागृती : एक अभ्यास'. मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी कागद पालथा घातला आणि विचारलं, "मोजणार काय?" माझी दातखीळ बसली. प्रवेश अर्थातच हुकला. ती बाटली आठवली परतीच्या कदंबा बसमध्ये, फोंड्याच्या स्टँडवर.

तुमच्यापैकी कुणी नर्स असेल, कुणी शिक्षिका, कुणी समाजकार्य शिकलेला. आरोग्य शिक्षणात पीएचडी करायची म्हणून जाहिरातीत नेमका तोच शब्द शोधत बसू नका. हे काम शिक्षणशास्त्रात होतं, समाजकार्यात होतं, नर्सिंगमध्ये होतं, सार्वजनिक आरोग्यात तर होतंच. ताळगावच्या पठारावरचं आपलं गोवा विद्यापीठ असो की बाहेरचं एखादं, तिथले मार्गदर्शक कशावर काम करतात ते आधी वाचा. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, तिचंही तसंच: तिथे 'सामाजिक वैद्यकशास्त्र आणि सामुदायिक आरोग्य' असा स्वतंत्र विषय आहे, पण फार जणांना तो ठाऊकच नसतो.

नियम थोडक्यात सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण लागतात, राखीव गटांना 5 टक्के सूट. 2024 पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. फेलोशिप मिळाली नसेल तर प्रवेशासाठी ते वर्षभरच चालतात. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, धरून किमान तीन वर्षं, आणि दूरशिक्षणाने पीएचडी नाही म्हणजे नाही. 'घरबसल्या करून देतो' म्हणणारा भेटला तर पाकीट सांभाळा.

खरी अडचण जागांची. एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायककडे चार. मार्गदर्शकाकडे जागाच रिकामी नसेल तर तुमचे गुण कितीही असोत, दार बंद. म्हणून जाहिरातीची वाट न बघता आधीच एक पानाचं पत्र लिहा: मी काय काम करते, मला कुठला प्रश्न पडलाय, तुमच्याकडे जागा आहे का. 'आदरणीय महोदय, मला लहानपणापासून संशोधनाची आवड' वगैरे नको. कुणी वाचत नाही.

नोकरीत असाल तर अर्धवेळ करता येते, मात्र कार्यालयाचा ना हरकत दाखला हवा. अभ्यासाला वेळ मिळेल आणि लागलं तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं त्यात लिहिलेलं असावं लागतं. माझा दाखला दीड महिना एका टेबलावर पडून होता. टेबल कुणाचं ते सांगत नाही, अजून तिथेच नोकरी करते मी.

दुसऱ्या वर्षी प्रस्तावात एकच प्रश्न घातला: काजूच्या कामाला जाणाऱ्या बायका दिलेलं तेल का वापरत नाहीत? या वेळी 'मोजणार काय' याचं उत्तर तयार होतं. बाटलीतलं तेल! विचारलं तर सगळ्या 'लावते' म्हणतात. आपण पट्टी धरून दर आठवड्याला किती उतरलं ते बघायचं. प्रवेश मिळाला. पुढे नीतिमत्ता समितीची परवानगी आली, मावशींचीही सही घेतली, आणि पट्टी घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले.

तेल चांगलं तीन बोटं उतरलं होतं. मी हरखून वहीत आकडा लिहायला लागले.

"बरं तेल आहे गो," मावशी म्हणाल्या. "दाराची बिजागरी किती दिवस करकरत होती!"