ऑनलाइन दुकान निवडण्याआधी पार्सल तोला

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन हाताशी असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका. आकडे सोपे ठेवले आहेत.

सोलापुरात चादर-टॉवेल विणणाऱ्यांनी ऑनलाइन दुकान कुठे थाटावं, याचा हा हिशेब. एक चादर धरू. जेकार्ड मागावरची, सव्वा किलो वजनाची, ग्राहकाला जीएसटीसह १०५० रुपयांना. कर पाच टक्के, म्हणजे ५० रुपये सरकारचे आणि हजार आपले. ग्राहकाने पैसे ऑनलाइन भरले की पेमेंट गेटवेवाला, म्हणजे ते पैसे आपल्या खात्यापर्यंत आणून देणारा, साधारण दोन टक्के घेतो, ते २१ रुपये. पिशवी, लेबल, टेप मिळून २० धरा. कुरिअर मुंबईपर्यंत १२० धरा. या खर्चांवरचा जीएसटी वजावटीत परत मिळतो, म्हणून तो सोडून देऊ. हातात उरले ८३९. हीच चादर घाऊक व्यापाऱ्याला ७०० रुपयांना देत असाल, तर ऑनलाइन दुकानाचा हा सगळा खटाटोप एका चादरीमागे १३९ रुपयांसाठी आहे. सुताचा, रंगाईचा, मजुरीचा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो मोजला नाही.

हे १३९ रुपये लक्षात ठेवा. कोणता प्लॅटफॉर्म घ्यायचा, म्हणजे ऑनलाइन दुकान कोणत्या सेवेवर उभं करायचं, हे त्यांनाच विचारायचं आहे.

दुकानाचे प्रकार तीन. पहिला म्हणजे सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावण्यासारखा: अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो. गर्दी त्यांची, नियम त्यांचे आणि ग्राहकही त्यांचाच. दुसरा भाड्याचा गाळा: शॉपिफायसारखी सेवा. महिन्याचं भाडं भरलं की सर्व्हर, म्हणजे दुकान ज्यावर चालतं तो संगणक, त्याची सुरक्षा, दुरुस्ती सगळं ते बघतात. तिसरं स्वतःचं बांधकाम: वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे दुकानाचं सॉफ्टवेअर. ते सॉफ्टवेअर फुकट आहे. पण होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, डोमेन म्हणजे दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता आणि देखभाल करणारा माणूस यांचा खर्च आपला.

स्टॉलबद्दल थोडक्यात. तिथे कमिशन आणि इतर शुल्क मालाच्या प्रकारानुसार आणि किमतीनुसार बदलतं. शिवाय करपात्र रकमेवर अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे जीएसटीची आगाऊ कपात, आणि विक्रीवर ०.१ टक्का टीडीएस, म्हणजे आयकराची आगाऊ कपात, करून मगच पैसे मिळतात. टीसीएस बुडत नाही. जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला ते क्रेडिट स्वीकारावं लागतं, मग ते कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात, येतं. पुष्कळ जण ते स्वीकारतच नाहीत आणि पैसे कापले म्हणून कुरकुरत राहतात. नवा माल कसा चालतो, हे पाहायला स्टॉल चांगला. पण दुसऱ्यांदा टॉवेल लागला की ग्राहक तुमच्याकडे नाही, त्या अॅपवर जातो.

आता गाळा की बांधकाम? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण ते फक्त भाडं बघतात. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे गेटवे बाहेरचा लावावा लागतो. आणि बाहेरचा गेटवे लावला की बेसिक योजनेत शॉपिफाय प्रत्येक विक्रीवर वेगळे दोन टक्के घेतं. आपल्या चादरीवर ते आणखी २१ रुपये. १३९ चे झाले ११८. महिन्याला ३० ऑर्डरी असतील तर हे ६३० रुपये होतात, काही बिघडत नाही. ३०० ऑर्डरी झाल्या की ६३००, आणि भाडं वेगळंच. त्या पैशात वूकॉमर्सची देखभाल करणारा माणूस परवडतो. म्हणून आमचं मत असं: घरात संगणकाचं कोणी बघणारं नसेल आणि ऑर्डरी महिन्याला शंभराच्या आत असतील, तर भाड्याचा गाळा घ्या. देखभालीला माणूस नसताना वूकॉमर्स घेणं म्हणजे मिस्त्री नसताना माग घेण्यासारखं आहे.

वूकॉमर्स बिघडतं ते बहुतेक अपडेटमध्ये. एखादा प्लगइन, म्हणजे दुकानाला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, अद्ययावत होतो, दुसऱ्याशी त्याचं जमत नाही आणि पैसे भरायचं पान कोरं दिसू लागतं. दुकान वरून चालू दिसतं, ऑर्डर मात्र एकही येत नाही. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस काहीही अपडेट करू नका. फक्त सुरक्षेची दुरुस्ती असेल तर ती करा, तीही आधी दुकानाच्या चाचणी-प्रतीवर. रोजचा बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर गेला की बॅकअपही त्याच्यासोबत जातो.

आणखी एक बिघाड नीट समजून घ्या, कारण तक्रारी याच्याच जास्त येतात. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण दुकानात ऑर्डर ‘पेंडिंग’. होतं असं की ग्राहक यूपीआय अॅपमध्ये पैसे भरतो आणि परत दुकानाच्या पानावर येतच नाही, फोन खिशात टाकतो. अशा वेळी पैसे आले ही खबर गेटवे आपल्या सर्व्हरवरून थेट दुकानाच्या सर्व्हरला देतो. त्याला वेबहुक म्हणतात. वेबहुकचा पत्ता भरलाच नसेल, किंवा डोमेन बदलल्यावर जुनाच राहिला असेल, तर ती खबर पोचत नाही. वूकॉमर्समध्ये न भरलेल्या ऑर्डरीचा माल मुळात ६० मिनिटं राखून ठेवलेला असतो. तेवढा वेळ गेला की ऑर्डर आपोआप रद्द होते आणि चादर पुन्हा विक्रीला लागते. पैसे एका ग्राहकाचे, चादर दुसऱ्याला! म्हणून रोज सकाळी दहा मिनिटं काढा. गेटवेच्या खात्यातली कालची यादी आणि दुकानातली कालची यादी शेजारी-शेजारी ठेवून ताडा.

आता पार्सल. श्रोतेहो, सोलापूरच्या मालाची खरी गोम इथे आहे. आपला माल हलका नसतो आणि फुगीर असतो. कुरिअरवाला काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, ते धरतो. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. सव्वा किलोची चादर सैल घडी घालून ४० बाय ३० बाय १५ च्या खोक्यात टाकली, तर १८,००० भागिले ५०००, म्हणजे ३.६ किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्यात ते चार किलो होतं. तीच चादर घट्ट दाबून ३५ बाय २८ बाय ८ च्या पिशवीत बसवली, तर दीड किलोच्या थोडं वर, म्हणजे दोन किलोचा टप्पा. दोन किलोला १२० आणि चार किलोला २१० दर असेल, तर फक्त घडीपायी ९० रुपये गेले. शॉपिफायवाल्याच्या ११८ मधून ९० काढा. उरले २८.

काही कुरिअर ५००० ऐवजी लहान आकड्याने भागतात. भाजक लहान तर वजन मोठं. करार करताना हा आकडा कागदावर मागा. टेरी टॉवेल मात्र हवा काढून फार दिवस दाबून ठेवू नका, लूप चपटे पडतात आणि उघडल्यावर टॉवेल पातळ वाटतो. ऑर्डर आल्यावरच दाबा. प्रत्येक मापाच्या पार्सलचा काट्यावर आणि मोजायची टेप लावून एक-एक फोटो काढून ठेवा. कुरिअरच्या यंत्राने वजन जास्त दाखवलं, तर ठरलेल्या मुदतीत हाच फोटो पुरावा म्हणून लागतो.

यावरून प्लॅटफॉर्मला विचारायचा प्रश्न असा: प्रत्येक मापाला वेगळं वजन आणि वेगळी लांबी-रुंदी-उंची भरता येते का, आणि ती कुरिअर सेवेकडे आपोआप जाते का? ‘एक वस्तू, एक वजन’ एवढंच जमत असेल तर तो आपल्या कामाचा नाही. तीन नॅपकिन आणि एक डबल चादर एकाच दराने जातील, आणि तोटा कुठे होतोय हे सापडणारही नाही.

घरपोच पैसे, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. दहा पार्सलं गेली आणि दोन परत आली असं धरा. जायचे १२० आणि यायचे १२०, दोन पार्सलांचे ४८०. ते उरलेल्या आठांवर वाटले की प्रत्येकी ६० रुपये. १३९ चे ७९ झाले. गेटवेचे २१ रुपये इथे वाचतात, पण घरपोच वसुलीचं शुल्क लागतं, ते अजून धरलेलं नाही. ही सोय पूर्ण बंद केली तर खेड्यापाड्यातला ग्राहक तुटतो. मधला मार्ग असा की शंभर रुपये आगाऊ घ्यायचे आणि बाकीचे दारात. म्हणून पिनकोड पाहून आणि रक्कम पाहून ही सोय चालू-बंद करता येते का, हे आधी बघा. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी वेगळं सशुल्क अॅप घ्यावं लागतं. ते भाड्यात धरा. दहा आकडी मोबाइल नंबराशिवाय ऑर्डर पुढे जाऊ देऊ नका. ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्या पत्त्यावर पार्सल परत येणारच.

कराचं एक. विजयपूर, कलबुर्गी आपल्याला पुण्यापेक्षा जवळ, पण माल तिथे गेला की तो परराज्यात गेला. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी जीएसटी नोंदणी लागते, आणि कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांच्या सोप्या कर-योजनेत, राहून तो पाठवता येत नाही. बिलात महाराष्ट्राला सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा कर, आणि बाहेर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य कर, हे पोचवायच्या राज्यावरून आपोआप ठरलं पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चादर-टॉवेलसारख्या मालाला नगामागे २५०० रुपयांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के कर आहे. किमतीवरून दर बदलणं जमत नसलेल्या दुकानात महाग सोलापुरी वॉल हँगिंग चुकीच्या कराने विकलं जाईल. फरक खिशातून भरावा लागेल.

मालाच्या पानावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, नगसंख्या किंवा माप आणि ग्राहकाने तक्रार कुठे करायची, हे कायद्याने लागतं. माप इंचात आणि सेंटिमीटरमध्ये दोन्ही द्या. टॉवेलला जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, लिहा, आणि तो जुळतो का ते स्वतः तोलून बघा: ३० बाय ६० इंच टॉवेल ४५० जीएसएमचा असेल तर साधारण ५२० ग्रॅम भरला पाहिजे. ४५० लिहून ४३० ग्रॅम निघाला तर ग्राहक परत पाठवतो, आणि त्याचं चुकत नाही. ‘सोलापूर चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आहे. ते चिन्ह पानावर लावायचं, तर त्या नोंदणीत अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव असावं लागतं.

साठा. मागावरून उतरलेला माल सकाळी फोनवर व्यापाऱ्याला दिला आणि दुपारी तोच ऑनलाइन विकला गेला, असं व्हायला वेळ लागत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी वगैरे पुढचं. सुरुवातीला ऑनलाइनसाठी वेगळं कपाट करा, प्रत्येक रंगाचे दहा नग त्यात, आणि दुकानात आठच दाखवा. रंगाचा नवा लॉट आला की नवा फोटो. जुन्या फोटोवर नवा लॉट गेला की ‘रंग वेगळा’ म्हणून परत येतो.

डोमेन स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या पैशाने घ्या. वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर ते राहू देऊ नका. आणि दर महिन्याला माल, ग्राहक आणि ऑर्डरी यांच्या याद्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठेही उघडता येणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, उतरवून ठेवा. ग्राहकांचे पासवर्ड एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर नेता येत नाहीत आणि जुन्या पानांचे पत्ते बदलतात. म्हणून जुना पत्ता नव्याकडे वळवायची सोय आहे का, हेही विचारा.

पैसे भरण्याआधी चाचणीच्या मुदतीत एवढं करून बघा. तीन वस्तू चढवा: चार रंगांचा टॉवेल, दोन मापांची चादर आणि २५०० च्या वरचं एक वॉल हँगिंग. साध्या फोनवरून, वायफाय बंद करून, एक ऑर्डर सोलापूरच्या आणि एक हैदराबादच्या पत्त्यावर टाका. पैसे भरल्याबरोबर फोन बंद करा आणि ऑर्डर आली का ते बघा. बिलावरचा कर तपासा, कुरिअरच्या लेबलवरचं वजन तपासा. मग त्यातली एक ऑर्डर रद्द करून पैसे परत पाठवा, आणि गेटवेने आपले २१ रुपये परत दिले की ठेवून घेतले, ते खात्यात बघा. नमस्कार.