नान्काची गारी आणि नान्काची घळ

(पहाट. धूर. कढईवर हलणारे हात.)

नायजेरियातल्या इग्बो लोकांचा आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिए, अफो, न्क्वो. गावोगावचे बाजार याच वारांवर भरतात. तिथल्या अनाम्ब्रा राज्यातलं हे नान्का गाव. उद्या बाजार आहे, म्हणून आज चूल लवकर पेटली.

(कसावा सोलणाऱ्या बायका.)

हा कसावा. आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा. इथे त्याची गारी होते, म्हणजे आंबवून भाजलेला रवा. सुरीने एक उभी चीर दिली आणि खाली अंगठा घातला, की जाड साल अखंड सुटून येते. कंद धुऊन यंत्रावर किसायचे. यंत्र नव्हतं तेव्हा पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली किसणी असे, आणि कंदाबरोबर बोटंही सोलवटून निघत. मग लगदा पोत्यात भरून, वर दाब देऊन दोन-तीन दिवस ठेवायचा. बघा, पांढरट पाणी कसं झिरपतंय. कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. किसण्या-आंबवण्यात, पिळण्यात आणि शेवटी भाजण्यात ती बाहेर पडतात. ही सगळी जोखीम बायका वासावरून आणि हाताच्या अंदाजाने सांभाळतात. लगदा चाळून कढईत टाकला, की हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळी. पाम तेल घातलं की गारी पिवळी होते. गरम पाण्यात घोटली की तिचा घट्ट गोळा, म्हणजे एबा, सोबत कडूपाल्याचं सूप.

(घळीचा काठ. कॅमेरा हळूहळू खाली.)

आणि ही अगुलू-नान्काची घळ. माती तांबडी, भुसभुशीत. खालच्या वाळूच्या थराला भूवैज्ञानिकांनी ‘नान्का’ हेच नाव दिलंय. एप्रिल ते ऑक्टोबर पाऊस कोसळतो. पत्र्यांवरचं, अंगणातलं, रस्त्यावरचं पाणी एकत्र होऊन उताराला लागतं. रस्त्याकडेचं गटार अर्ध्यावर सोडलं, तर सगळं पाणी त्या एका टोकाशी सुटतं आणि घळ तिथूनच पोखरायला लागते. म्हणून गटार थेट खालच्या ओढ्यापर्यंत न्यायलाच हवं. पैसे संपले म्हणून मध्येच थांबायचं हे काम नव्हे. घरं गेली, शेतं गेली, कुटुंबं उठून गेली.

(सभा. रंगीत डोकीबांधण्या.)

इग्बो गावं सरकारची वाट बघत बसत नाहीत. शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी ग्रामसंघ वर्गणी काढतो. लागोसला, परदेशात गेलेली माणसंही पैसे पाठवतात. दर ऑगस्टला बाहेरगावी राहणाऱ्या बायका गावाच्या कामासाठी परततात. त्या बैठकीला नावच ‘ऑगस्ट मीटिंग’. काठावर बांबू लावणं लोकांच्या हातातलं आहे. पण डोंगरउतारावरचं पाणी अडवून वळवणं वर्गणीतून होत नाही. ते राज्यानेच करायला हवं.

(घमेलं डोक्यावर घेतलेली बाई, काठालगतची वाट.)

बाजारात गारी मापाने जाते. माप शिगोशीग भरायचं, आणि वर आणखी एक मूठ.