घोडे जिथे पोहतात

[पडद्यावर: पहाट, पेबल्स बीच, ब्रिजटाऊन]

अजून पुरतं उजाडलेलं नाही. किनाऱ्यावर माणसांच्या आधी घोडे आलेत. जवळच्याच गॅरिसन सवाना मैदानावर धावणारे हे शर्यतीचे घोडे. मोतद्दार लगाम धरून पुढे होतो आणि घोडा एकेक पाऊल टाकत त्याच्या मागे. पाणी पोटाला लागतं, मग पाठीवर येतं, आणि शेवटी वर राहतात फक्त कान, डोळे आणि फुरफुरणाऱ्या नाकपुड्या. पाण्यावर लाट म्हणावी अशी लाट नाही.

एवढं महागामोलाचं जनावर कोणी भलत्या पाण्यात घालणार नाही. बार्बाडोसमध्ये पोहायला कुठे उतरायचं, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

[पडद्यावर: बेटाचा नकाशा]

बार्बाडोस म्हणजे कॅरिबियनमधलं, 34 किलोमीटर लांब आणि फार तर 23 किलोमीटर रुंद, बृहन्मुंबईपेक्षाही लहान बेट. पण याच्या चार बाजूंना चार स्वभावांचा समुद्र आहे. हॉटेलांच्या जाहिरातींत मात्र सगळीकडे एकच: पांढरी वाळू, निळं पाणी, वाकलेला माड. त्या फोटोंवरून किनारा निवडणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून माणसाचा स्वभाव ठरवणं.

कोकणात आपल्याला सवय असते ती भरती-ओहोटी विचारायची. इथे त्या दोन्हींत जेमतेम मीटरभराचा फरक. इथे विचारायचा तो वारा. तो बहुतेक वर्षभर ईशान्य-पूर्वेकडून येतो. शिडाच्या जहाजांच्या काळापासून त्याला व्यापारी वारे म्हणतात. बेटाच्या पूर्वेला अटलांटिक, आणि थेट आफ्रिकेपर्यंत लाटेला अडवणारं जवळपास काही नाही. म्हणजे पूर्व किनारा सगळा मार खातो आणि पश्चिम किनारा बेटाच्या पाठीआड निवांत असतो.

[पडद्यावर: पेन्स बे, पाण्याखाली कासव]

हा पश्चिम किनारा. सेंट जेम्स परगणा, पेन्स बे, होलटाऊन. 1627 साली इंग्रज वसाहतवाले उतरले ते याच होलटाऊनला. आज इथे बेटावरची सर्वांत महागडी हॉटेलं आहेत. त्यांच्या भिंती पाहून बिचकू नका. बार्बाडोसचे किनारे सार्वजनिक आहेत. दोन बंगल्यांच्या मधून एखादी चिंचोळी वाट निघते आणि थेट वाळूवर नेऊन सोडते. लहान मुलं असतील, पोहणं कच्चं असेल, कासवं पाहायची असतील, तर इकडेच या. फक्त हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्च, उत्तरेकडून कधीकधी मोठ्या लाटा येतात, तेव्हा हाही किनारा ओळखू येत नाही.

आणि सावली शोधताना जरा थांबा. खोडावर तांबडा पट्टा ओढलेलं झाड दिसलं तर लांबच बसा. ते मँचिनील. फळ लहानशा हिरव्या सफरचंदासारखं, पण विषारी. चीक अंगाला लागला तर फोड उठतात. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं, तर ओघळणाऱ्या पाण्यातूनही तो अंगावर येतो.

[पडद्यावर: ॲक्रा बीच, मग सिल्व्हर सँड्सवर पतंगांच्या जोरावर धावणाऱ्या फळ्या]

दक्षिण किनारा मधला. रॉकलीच्या ॲक्रा बीचवर लाटा आहेत, पण खेळण्याजोग्या. गर्दी आहे, जीवरक्षक आहेत, तळलेले मासे आहेत. आम्हाला विचाराल तर चार मित्रांनी मिळून यावं ते इथेच. आणखी पूर्वेला सिल्व्हर सँड्सला वारा इतका की पोहणारे बाजूला राहतात आणि पतंगवाले राज्य करतात.

वाऱ्याचं हे गणित एकदा कोलमडलेलं आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. 29 जून 2024. ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला तो झेल! दोनच दिवसांनी बेरिल चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. विमानतळ बंद, संघ हॉटेलात अडकलेला, आणि मरीन ड्राइव्हवरची मिरवणूक निघाली ती 4 जुलैला. त्याच लाटांनी ब्रिजटाऊनमध्ये मासेमारीच्या कितीतरी बोटी एकमेकींवर आपटून फोडल्या. ते मात्र आपल्या बातम्यांत फारसं आलं नाही.

[पडद्यावर: बॉटम बे, कड्यावरून]

आग्नेयेला क्रेन आणि बॉटम बे. जाहिरातीतला फोटो बहुधा इथला. उंच कडा, खाली माड, गुलाबीसर झाक असलेली वाळू. पाहण्यासाठी याहून सुंदर जागा बेटावर नाही. पोहण्यासाठी मात्र बेताची. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. या ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग आत या. शिवाय 2011 पासून इकडे सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी वाहून येतं. कुजायला लागलं की त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. कुठल्याच फोटोला वास नसतो, म्हणून निघण्याआधी हॉटेलात विचारून घ्या.

[पडद्यावर: बाथशीबा, दुपार कलताना]

आणि ही पूर्व किनाऱ्यावरची बाथशीबा. बसथांब्यांवर इथे दोनच प्रकारच्या पाट्या असतात, ‘शहराकडे’ आणि ‘शहराबाहेर’. शहर म्हणजे राजधानी ब्रिजटाऊन. शहराबाहेरची बस पकडून बेट ओलांडलं की समुद्राचा आवाज आधी येतो. घराएवढाले खडक पाण्यात उभे. लाटांनी त्यांचे पाय कुरतडलेत, त्यामुळे ते अळंब्यांसारखे दिसतात. पलीकडे सूप बोल. तिथे जगभरातले सर्फर येतात. त्यांचं त्यांना करू द्या.

इथे पोहायचं नाही, डुंबायचं. ओहोटीला खडकांमध्ये डबकी राहतात, त्यांत गावातली माणसं गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारत बसतात. लाट बाहेरच्या खडकावर फुटते आणि आत येतो तो नुसता फेस.

कोकणातल्या माणसाला मात्र इथे चुकल्याचुकल्यासारखं होतं. संध्याकाळ होते, पण सूर्य समुद्राकडे येतच नाही. तो मागच्या टेकडीआड उतरतो. तिची सावली आधी घरांवर पडते, मग वाळूवर, मग डबक्यांवर. बाहेरच्या लाटांवर मात्र अजून ऊन असतं.